गठुडी कुणाला ओळखते

३ जून
नवं गाव, नवं घर, नवी नोकरी, सगळ्यात एकदमच उडी! घर छोटंसं, पण भरपूर उजेडाचं. नवरा घरूनच काम करणार आणि आमच्या सहा महिन्यांच्या गठुडीला सांभाळणार. माझं काम मजेचं आहे. संशोधन केंद्रात बाळांना चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि ती किती वेळ बघतात ते मोजायचं. नवा चेहरा असला की टक लावून बघतात, ओळखीचा असला की कंटाळून मान फिरवतात. आज एकाने आमच्या डॉक्टरबाईंच्या तोंडावर काय जांभई दिली!

९ जून
डॉक्टरबाई सांगत होत्या, या वयात बाळांना दोन माकडांचे चेहरेसुद्धा वेगळे ओळखता येतात. नवव्या महिन्यापर्यंत ती नजर जाते. रोज फोटो दाखवून नाव घेत राहिलं, तर मात्र टिकते. नवरा म्हणाला, त्याला माझ्या मावश्या अजून वेगळ्या ओळखता येत नाहीत.

२० जून
नवऱ्याने विचारलं, मी दुपारी घरी डोकावते तेव्हा गठुडी एवढा आकांत का करते? मी हसले. मी एकदाही दुपारी घरी आलेले नाही.

२४ जून
आज दुपारी न सांगता आले. खिडकीतून पाहिलं. माझा निळा ड्रेस, माझी वेणी, माझा चेहरा. तिच्या मांडीवर गठुडी, तिच्याकडे टक लावून बघत रडत होती. मी आत धावले तर तिथे कुणीच नाही. नवऱ्याच्या मते माझी झोप होत नाही. फरक कळतो तो एकट्या गठुडीला.

२ जुलै
आठवडाभर रजा घेऊन घरी बसले. कुणी फिरकलं नाही. कामावर गेले, त्याच दुपारी ती आली.
पाळण्यावर नवऱ्याने माझा फोटो लावलाय. तो रोज सकाळी गठुडीला दाखवते, दहादा 'आई' म्हणते. तिची नजर टिकायलाच हवी. माझ्या बाजूने साक्ष द्यायला दुसरं आहे कोण?

११ ऑगस्ट
दुपारी आता रडत नाही म्हणे. नवरा खूश आहे.

३० ऑगस्ट
कडेवर घेतलं तर माझ्याकडे बघतच राहिली. मोजायची सवय मेली जात नाही. एकोणीस सेकंद. अनोळखी चेहऱ्याला लागतात तेवढे. मग ओठ काढले.

१ सप्टेंबर
फोटो कधीचा, विचारलं. म्हणाला, आल्याच्या पहिल्याच आठवड्यातला, मी दुपारी घरी आले होते तेव्हा —
म्हणजे फोटो तिचा. दोन महिने. रोज. माझ्याच तोंडाने. माझा चेहरा आणि मलाच —

३ सप्टेंबर
बाहेरच्या पायरीवर बसून लिहितेय. आतून कडी आहे.
कामावर गेले नव्हते. तरी ती आली, उघड उघड, दारातून. पाळण्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. नवरा पांढराफटक पडला. दोघींना निरखून दमला, शेवटी गठुडीलाच विचारलं, आई कुठे गं?
मी शिकवलेलं गठुडी विसरली नाही. त्या दुसरीकडे झेपावली —
त्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं. त्याला काय बोलू —
गठुडी आतून हाका मारतेय. आई, आई. मी ओ देतेय. प्रत्येक हाकेला देतेय. पण माझ्या आवाजाने ती रडायला —