टोळीतली आक्का

प्रिय ठकू,

ताईचा फोन आला होता. तू सोमवारी राजीनामा देणार म्हणे. कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत शिरायला तू किती जिवाचं रान केलंस, ते मी पाहिलंय. तान्ह्या बाळाला कुणाच्याच हाती देववत नाही, असं तुझं म्हणणं. त्यावर अवाक्षर काढायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय; कितपत जमतं बघू.

इकडे आमच्या माकडांच्या टोळीत नवी पिल्लं आलीत. आमच्या माकड-अभ्यास केंद्रात नव्याने आलेल्या संशोधक मुलीने लगेच घोळ घातला. पिल्लू जिच्या छातीशी दिसेल ती त्याची आई, असं धरून तिने नोंदी केल्या आणि एकाच पिल्लाला संध्याकाळपर्यंत चार आया झाल्या. आम्ही पोट धरून हसलो. अगं, आई कोण ते दूध पाजताना कळतं. एरवी पिल्लू या हातातून त्या हातात फिरतं आणि आई निवांत पाला खात बसते. यात सगळ्यात पुढे आमची आक्का. म्हातारी झाली, स्वतःचं पिल्लू कधी झालं नाही, पण कुणाचंही किंचाळलं की हिचे हात पुढे. कधी चक्क उलटं धरते. मग आई येऊन हिसकावून नेते आणि थोड्या वेळाने परत तिच्याकडेच देते.

माकडं काही आपले पणजोबा नव्हेत, लांबची भावंडं. तरी त्यांच्याकडे बघून मी अंदाज बांधते, की माणूस घडत होता तेव्हाही असंच काहीसं असेल. आपलं पोर किती परावलंबी. एकट्या आईच्याने निभलंच नसतं. कुणाच्या तरी कडेवर ते देऊन ती कंदमुळं खणायला गेली असेल, परत येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला असेल. केंद्रातल्या निम्म्या लोकांना हे पटत नाही. वाद घालता घालता आमचा चहा गार होतो.

आता खरं सांगते. या महिन्याअखेर मी निवृत्त होतेय. मूल नाही म्हणून मी कधी झुरले नाही, पण तुझ्या बाळाचा फोटो आल्यापासून माझं कामात लक्ष नाही. मी येऊ का त्याला सांभाळायला? मला यातलं काही येत नाही. तू शिकव, चुकले तर ओरड, आणि मग कामावर जा. बॅग भरून ठेवलीय. नको म्हणालीस तर रिकामी करीन, पण मला फार वाईट वाटेल.

तुझीच,
मावशी