कानासारखे शंख

१२ जानेवारी
पोहोचलो एकदाचा! कुहीच्या पुढे, नदीकाठी, पात्र दाखवायला तयार झालेल्या रुपरावच्या घरी. अंगणात तुरीच्या शेंगा उकडत होत्या. त्या वासासरशी मी थेट पाचवीच्या वर्गात! धनश्री म्हणते, बाबा, या वयात दगड पाहायला काहून जाता? पोरी, या नदीपात्रात एका आदिम तळ्यातले शंख दगड होऊन पडलेत. तुझ्या आईला, अनुसयाला, ते दाखवायचं राहूनच गेलं. निदान तिची आवडती कविता तरी तिथे म्हणेन.

रुपरावने फोनवरच विचारलं होतं, गुरुजी, कविता पाठ आहेत का? शाळेतल्या सगळ्या, म्हणालो. भलताच खूश झाला. त्याची बायको पंचफुला लाजाळू. रुपराव सांगत होता, शाळेचं तोंडही पाहिलं नाही तिने. चहा देताना ‘ते घ्या’, खाट दाखवताना ‘तेथी ते’. सगळ्यालाच ‘ते’! गोड वाटलं.

१३ जानेवारी
सकाळी पात्रात उतरलो. करडा खडक, त्यात शंखच शंख. प्रत्येक लहानशा कानासारखा. उतरण्याआधी रुपरावने गालात अख्खी सुपारी धरली. मला दिली नाही. नुसतं माझ्या तोंडाकडे बोट दाखवून ‘म्हणा’ अशी खूण केली. वाटलं, मुका रसिक आहे. ‘अनुसये, ऐक,’ म्हणून मी खड्या आवाजात सुरू केलं. एकामागून एक, सगळ्या कविता. पण जरासुद्धा घुमलं नाही. वाळूत पाणी जिरावं तसा शब्द जिरत होता.

काठावर शेळ्या चारणारी एक बाई हाताने मला गप्प राहा सांगत होती. तिचाही गाल फुगलेला. रुपरावने दगड उगारून तिला पिटाळलं. हे काही बरं वाटलं नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. पंचफुलाने वाटी पुढे केली आणि स्पष्ट म्हणाली, ‘तिळगूळ घ्या, गुरुजी.’ काल हिला पाण्याला पाणी म्हणता येत नव्हतं.

अनुसयाच्या कवितेची पहिली ओळ आठवत नाही. दुसरीही नाही. धनश्री फोनवर म्हणते, वय झालं, रामदासपेठेत डॉक्टरांना दाखवू. असेल. पण दुपारी भाकरी थापता थापता पंचफुला तीच कविता गुणगुणत होती. माझ्या चालीत! ती चाल मी माझ्या वर्गासाठी लावलेली. रुपरावला विचारलं. म्हणाला, ‘शाळेत शिकली असन नं, गुरुजी.’

मग परवा काय सांगत होता?

१५ जानेवारी
एकटाच गेलो. खडकाला कान लावला. आत माझाच आवाज. कविता म्हणतोय. मधेच अडला. मूल अडलं की मास्तर पुढचा शब्द सांगतो, जन्माची खोड. मी सांगितला. आवाज पुढे गेला, पुन्हा अडला. पुन्हा सांगितला. वाटलं, अशीच पूर्ण कविता परत मिळेल.

घरी येऊन तहान लागली तर मागता येईना. ओंजळ करून दाखवली. पंचफुला हसली, ‘गुरुजीले पाणी द्या ना, किती तहानले.’
रुपराव तिच्या तोंडाकडे पाहून रडत होता. आनंदाने.

१६ जानेवारी
ती बाई वाटेत भेटली — शेळ्यांची. म्हणाली, पंचफुला नवी नवरी असताना तिथे गाणं म्हणून बसली, बिनसुपारीची. गालात सुपारी असली की तोंड उघडत नाही. बोली गेली. ती परत मिळावी म्हणून रुपरावने तुमच्यासारखे लय आणले. म्हणाली, ‘आजच निघा जी. आन् खडकातलं ते अडलं तं पुढचं सांगू नका.’

मी तर सगळंच सांगितलं —

निघायचं. पायात घालायचे ते — नाहीत. बोलायचं ते — पोरीशी — तेही उशाला नाही. पोरीचं नाव ध — ध —
अनुसया. हे आहे अजून. अनुसया. कविता राहू दे. हे नको जायला.

१७
रुपराव हात धरून नेतो. खडकावर बसवतो. त्याच्या गालात ते.
आतून आवाज — माझा — ‘...ऐक.’ त्याआधीचं अडतं. पुन्हा, ‘...ऐक.’ माझ्या तोंडाशी येतं. दात दाबून धरले —
वर्गात कुणी अडलं की —
सांगितलं.

आज
घरात पंचफुला कुणाचं तरी नाव घेते. अनुसया, अनुसया. छान नाव. घोळवून घोळवून म्हणते.
कोण ही? मी कुणासाठी तरी इथे — ती होती माझी — हसायची तेव्हा — तिला म्हणायचे —

ते