माझा पाय, कंपनीची गाडी

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (गाडीत बसून लिहितो आहे, त्यामुळे आठांपैकी तीन-चार अंगं स्टेअरिंगखाली अडकली आहेत. तेवढी जमेला धरून घे.) तुझा गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला गेला, की पाहुणे आले की अजून येतो? तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा दुसरा गिअर नीट पडतो का, की अजून पोरांना पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारायला शिकवतेस? इकडे मी मजेत आहे. 'मजेत' हा शब्द तोकडा पडतो, पण मोठे शब्द शिकवत होते तेव्हा मी बहुतेक वर्गाच्या बाहेर उभा होतो, तेव्हा आहे त्यात भागवून घे.

आधी खाली बस आणि मग पुढचं वाक्य वाच. मला कंपनीने गाडी दिली आहे. डिझेलची, राखाडी, चार दारांची, आणि मागचं पाचवं दार वर उघडणारी. तुला वाटेल, ज्याला बेकरीवाल्याने पाव मोजायलाही ठेवला नाही त्याला गाडी कोण देणार. पण ही दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या बनवणारी कंपनी आहे. त्या खुर्च्या वर-खाली होतात, मागे झुकतात, आणि पेशंट आडवा असतानाच बरोब्बर बंद पडतात. मग मी जायचं आणि माणसाला उभं करायचं. शहरभर दवाखाने, म्हणजे शहरभर भटकायचं, आणि भटकायचा पगार. हे असं काम जगात आहे हे मला लहानपणी कोणी सांगितलं असतं तर मी इतकी वर्षं फुकट भटकलोच नसतो. मी अजून कच्चा आहे, म्हणजे परीक्षेच्या मुदतीवर. मुदत संपली आणि साहेब खूश असले तर पक्का, आणि गाडी माझ्याकडेच. नाखूश असले तर किल्ली टेबलावर आणि आपण पुन्हा पायी. आत्या, आजवर इतकी कामं सुटली, एकाचंही वाईट वाटलं नाही. हे सुटलं तर वाटेल.

गाडी निवडायची गंमत ऐक. कंपनीच्या आवारात तीन डिझेल गाड्या उभ्या होत्या, आणि गाड्यांचे अधिकारी (आम्ही त्यांना चावीवाले म्हणतो, कारण ते चालले की खुळखुळतात) म्हणाले की रोज जी चालवायला बरी वाटेल ती घे, पण एकदा घेतली की तक्रार नको. आता रोज चालवायला बरी म्हणजे काय हे कोण सांगणार? आमच्याकडे विक्रीला एक जुने गृहस्थ आहेत, तात्या, ते म्हणाले की इंजिन-बिंजिन बघू नकोस, सगळी इंजिनं सारखीच ओरडतात, तू सीट बघ, कारण आयुष्य सीटवर जातं. मला पटलं. म्हणून मी तिन्ही गाड्यांत थोडा थोडा वेळ डोळे मिटून पडलो. पहिली लांबलचक चंदेरी, तिच्यात मान अवघडली. दुसरी उंच, तिच्यात चढल्यावर आपण कुणाच्या तरी वरातीत आल्यासारखं वाटतं. तिसरीत मला जाग आली तेव्हा चावीवाले काचेवर टकटक करत होते. म्हणाले, "ठरलं म्हणायचं."

पण खरं प्रेम बसलं ते त्यांनी पुढे सांगितलं त्यावर. ह्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत एक जाळी असते, ती धुरातली काजळी धरून ठेवते. गाडी नुसतीच गल्लीबोळांतून फिरवली, दवाखाना ते दवाखाना, तर ती जाळी तुंबते आणि समोर पिवळा दिवा लागतो. मग तिला मोकळ्या रस्त्यावर लांब पळवून आणावं लागतं, म्हणजे काजळी जळते आणि गाडीचा जीव हलका होतो. म्हणजे बघ, तिला एका जागी अडकवून ठेवलं की ती आजारी पडते आणि हे तिच्या पुस्तकात छापलेलं आहे. माझ्याबद्दल असं एक ओळभर कुणी छापलं असतं तर बाबांचे किती शब्द वाचले असते.

दोष एकच होता. पाय दाबला की गाडी आधी विचार करायची. आतोबांना जेवायला हाक मारली की कसं होतं? आधी काही नाही, मग एक हुंकार, मग काही नाही, आणि मग एकदम धावत येऊन ताटावर बसतात. अगदी तसं. सिग्नल हिरवा झाला, पाय दाबला, शांतता, मागचे भोंगे, आणि मग अचानक अशी उसळी की डिकीतली हत्यारं पुढे येऊन मला भेटायची. रोजच्या गर्दीत हे बरं नव्हे. मी चावीवाल्यांना म्हटलं, इंजिन ट्यून करून घेऊ का? ते बराच वेळ खुळखुळले आणि म्हणाले, "कर. पण डिझेल जास्त प्यायला लागली तर गाडीही जाईल आणि तूही."

गॅरेज चालवते एक ताई. मी तिला ताई म्हणतो, ती मला "अहो खुर्चीवाले" म्हणते. हल्ली ट्यूनिंग पान्याने होत नाही. स्टेअरिंगखाली एक खाच असते, तिच्यात वायर घालून लॅपटॉप जोडायचा आणि कधी किती डिझेल सोडायचं, टर्बोने कधी हवा भरायची, हे इंजिनाला समजावून सांगायचं. (टर्बो म्हणजे इंजिनाच्या नाकात हवा फुंकणारा पंखा. मी एका डॉक्टरांना हे समजावत होतो, त्यांचा पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकत होता. त्याचं तोंड आधीपासूनच उघडं होतं हे खरं.) बाकीचे लोक अर्ध्या तासात हे काम करून देतात. ताईची रीत वेगळी. ती आधी एक आख्खा दिवस मागच्या सीटवर बसून तुमच्याबरोबर फिरते. वायर खाचेत, लॅपटॉप मांडीवर, तोंडातून शब्द नाही. म्हणते, गाड्या सगळ्या सारख्याच येतात, पाय वेगवेगळे असतात, मी पायाच्या मापाची गाडी शिवते.

आणि इथे घात झाला. ती मागे बसली, अगदी माझ्या पाठीमागे, गप्प. आरशात मला तिचे फक्त डोळे दिसत होते. आत्या, तू मला गाडी शिकवलीस तेव्हा ब्रेकवर आतोबांना पुढे बसवायचीस आणि स्वतः मागे बसायचीस, कारण तुझं म्हणणं, पुढून पोराचा चेहरा दिसतो आणि दया येते, मागून फक्त चुका दिसतात. जगात दुसरं कुठलंही ड्रायव्हिंग स्कूल असं शिकवत नसेल. त्यामुळे मागे कोणी गप्प बसून बघायला लागलं की माझ्या अंगात तू येतेस. दोन्ही हात जागेवर गेले. पाठ ताठ झाली. प्रत्येक वळणाआधी मी तुझ्या शाळेत म्हणतात तसं मोठ्याने म्हणायला लागलो, "आरसा, दिवा, मान." झेब्रा पट्ट्यांवर एक आजी नुसत्याच उभ्या होत्या, त्यांना कुठेही जायचं नव्हतं, तरी मी थांबलो. शेवटी त्यांनाच लाज वाटली आणि त्या बिचाऱ्या ओलांडून गेल्या. पाय तर असा टेकवला होता जसा झोपलेल्या बाळाच्या खोलीत. मला कळत होतं की हा माझा पाय नव्हे, पण उचलता येईना. संध्याकाळी ताई उतरली आणि तिने दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं. "असा पाय मी पाहिला नाही."

तिने गाडी त्या पायाच्या मापाची करून दिली, आणि तो पाय तुझा होता.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा पाय हाणला. गाडी उसळली नाही की काही नाही. नुसती सरळ चालत राहिली, आणि मला वाटलं की बॉनेटखालून कोणीतरी म्हणालं, "घाई कुणाला आहे?" पुन्हा हाणला. पुन्हा तेच. शेजारून एक सायकलवाला गेला, त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं. मग वैतागून मी पाय नुसता टेकवला, आणि आत्या, काय सांगू, गाडी अशी निघाली जशी लोण्यातून सुरी. ना विचार, ना उसळी. हळू मागितलं तर लगेच देते, ओरडून मागितलं तर ऐकूच येत नाही. तुझ्याकडे लहानपणी लाडू मागताना हाच नियम होता. मी तरीही गॅरेजवर भांडायला गेलो. ताईने पडद्यावर माझ्या त्या दिवसाच्या पायाची रेघ दाखवली, तळ्याच्या पाण्यासारखी, आणि म्हणाली, नको असेल तर पहिल्यासारखं करून देते. मी त्या रेघेकडे बघत राहिलो. माझ्या शरीराच्या कुठल्याही भागाचं आजवर कोणी कौतुक केलेलं नाही. म्हटलं, राहू दे.

तेव्हापासून मी शहरात तरंगतो आहे. खुर्च्यांचे काचेचे दिवे डिकीत न फुटता पोचतात. मी चिडत नाही, भोंगा वाजवत नाही, वेळेआधी पोचतो (ह्याचं कारण मला अजून कळलेलं नाही). पिवळा दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर लांब जातो, खिडकी उघडतो, आणि आम्ही दोघं आपापली काजळी जाळून परत येतो. आणि डिझेल? आत्या, ती डिझेल पीतच नाही, नुसता वास घेते.

सुख फार झालं की चावीवाल्यांना संशय येतो. त्यांनी मला बोलावलं.

"तुझी गाडी डिझेल का पीत नाही?"

"ट्यून केली, साहेब."

"ट्यून केली की उभी केली? कुठे झोपतोस दिवसभर?"

मी किलोमीटरचा मीटर दाखवला. ते म्हणाले, मीटर काय, जिने लॅपटॉप लावून इंजिन समजावलं तिने मीटरही समजावला असेल. दवाखान्यांतून फोन करून विचारा म्हटलं, तर म्हणाले, दातांच्या डॉक्टरांशी बोलायला मला भीती वाटते. प्रकरण मोठ्या साहेबांकडे गेलं. साहेबांनी ठरवलं की सोमवारी ते स्वतः माझ्याबरोबर दिवसभर फिरणार. सकाळी टाकी गच्च भरायची, संध्याकाळी पुन्हा भरायची, आणि बघायचं किती मावतं. थोडं मावलं तर मी पक्का आणि गाडी माझी. जास्त मावलं तर मी खोटा, ताई खोटी, आणि किल्ली टेबलावर. पण तू अजिबात काळजी करू नकोस. तुझ्या शिकवणीचा पाय आहे. मला कुणाचीही मदत नको, हे पत्र नुसतं आनंद कळवायला लिहिलं आहे. गुडघ्याला शेक दे. आतोबांना नमस्कार, आणि जेवायला हाक मारली की पहिल्याच हाकेला उठा म्हणावं.

तुझा भाचा,
जो सध्या चाकांवर आहे

ता. क. १ : एक बारीकशी गोष्ट राहिली. काल सराव म्हणून तात्यांना शेजारी बसवून दिवसभर फिरलो. एकटा असलो की गाडी मला सांभाळते. शेजारी माणूस बसला की मी गप्पा मारतो, आणि माझा पाय गप्पांच्या तालावर चालतो. तात्यांनी त्यांच्या लग्नाची हकीकत सांगितली, त्यात आम्ही तीन सिग्नलला करकचून ब्रेक मारले. गाडी रुसली, मी हाणली, ती आणखी रुसली. संध्याकाळी टाकीत एवढं डिझेल मावलं की पंपावरच्या माणसाने गाडीखाली वाकून पाहिलं, गळते का म्हणून. साहेब तात्यांपेक्षाही बोलके आहेत, आणि ते पुढेच बसतात.

ता. क. २ : तर सोमवारी तू येऊन मागे बसशील का? शिकवायचं नाही, नुसतं बसायचं, माझ्या पाठीमागे. तुझा फोटो मागच्या सीटला लावून पाहिला, पण त्या फोटोत तू हसते आहेस, त्यामुळे काही उपयोग होत नाही. मागे बसणाऱ्याचा माझ्यावर काडीचाही विश्वास नसला पाहिजे. असं माणूस कंपनीत अजून तयार झालेलं नाही. ते होईपर्यंत तूच.

ता. क. ३ : तू येणार हे धरून साहेबांना सांगून ठेवलं आहे की एक पेशंट बाई सोबत असतील, दाढ सुजली आहे, बोलता येत नाही, शेवटच्या दवाखान्यात सोडायच्या आहेत. ते लगेच हो म्हणाले, मनाचे मोठे आहेत. तेव्हा गालाला रुमाल बांधून ये आणि दिवसभर एक शब्दही बोलू नकोस, मी कितीही चुकलो तरी. अवघड आहे, जाणून आहे, पण माझी नोकरी त्यावर आहे.

ता. क. ४ : आत्ताच कळलं की साहेब खुर्च्या विकायच्या आधी स्वतः लोकांचे दात काढायचे. ते तुला वाटेत तोंड उघडायला सांगतील. उघड. पण उघडलंच आहे म्हणून बोलू नकोस.