गोलकीपरची जर्सी

रावपुरा, बडोदे
मंगळवार

प्रिय समरजित,

अनेक आशीर्वाद. माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन करता आला असता, पण फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तू जाणतोस. तुम्ही मुलं घरी यायचात तेव्हासुद्धा चहा ठेवून मी आत निघून जायची. लिहायला बसलं की निदान वाक्य पुरं होतं, मध्येच कोणी "काकू, रडू नका" म्हणत नाही. मी रडत नाहीये. मला राग आलाय आणि तो शोकसभेच्या दिवसापासून उतरलेला नाही.

कॉलेजच्या हॉलमध्ये ह्यांचा जो फोटो ठेवला होता तो तू नीट पाहिलास का? मला एका शब्दाने विचारलं असतं तर चांगला फोटो दिला असता. त्यांनी टीमच्या फोटोतून ह्यांना कापून काढलं आणि मोठं केलं. त्यामुळे ह्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी तुटका पंजा तसाच राहिला. वरून हार. तो पंजा तुझा आहे. आपण आंतरकॉलेज पहिल्यांदा जिंकलो त्या दिवसाचा फोटो आहे तो. सबंध सभाभर मी त्या पंजाकडेच बघत होते.

प्राचार्य म्हणाले की शिर्के सरांनी या कॉलेजात जिंकण्याची संस्कृती रुजवली. ट्रस्टीसाहेब उठले आणि म्हणाले, मी सरांच्या पाठीशी कायम उभा राहिलो. ते हे बोलले तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. मला वाटतं, त्यांना ते खरंच वाटत असावं. त्याचाच मला जास्त संताप येतो. मग स्पर्धेला ह्यांचं नाव देणार, चषकाला नाव देणार, असं जाहीर झालं. आणि मग तू उठलास. ज्या कॉलेजने सरांना दारातून परत पाठवलं त्याचं मी पाणीही पिणार नाही, म्हणालास. कोच म्हणून ये असं त्यांनी तुला विचारलं होतं, ते तू नाकारलंस हेही सगळ्यांसमोर सांगितलंस. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या विमलबेननी माझा हात दाबला. दिवाळीनंतर आंतरकॉलेज सुरू होतंय आणि टीमला कोच नाही, हे त्या टाळ्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

दाराची गोष्ट तुला ह्यांनी कितपत सांगितली होती कोण जाणे. मला तरी तुकड्यातुकड्यानेच कळली. सकाळी नेहमीप्रमाणे बॉलची जाळी स्कूटरला अडकवून हे मैदानावर गेले. गेटवरचा वॉचमन खाली मान घालून म्हणाला, "साहेब, तमने अंदर जवा देवानी ना पाडी छे." तुम्हाला आत सोडायला मनाई आहे, बस. पत्र नाही, बोलावणं नाही, प्राचार्यांचा फोन नाही. इतकी वर्षं ज्या मैदानावरचे खडे ह्यांनी स्वतः वेचले, त्याच्या गेटवरून एका बिचाऱ्या वॉचमनकडून हाकलून लावलं. हे घरी आले, जाळी खुंटीला लावली आणि मला म्हणाले, आज भाकरी कर. दुपारी जेवताना सांगितलं. पुढे कॉलेजने वयाचं कारण दिलं. वय काय एका रात्रीत होतं?

ह्यांच्या जाण्याचं खापर मी कॉलेजवर फोडणार नाही. हृदय आधीपासूनच कमजोर होतं, डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं होतं. खोटा आरोप मला करायचा नाही, खरा पुरेसा आहे.

तुला ती सुरुवात आठवते का? रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी तुमची फुटबॉलची टीम घेतली तेव्हा मी विरोध केला होता. पहिलीच मॅच तुम्ही सहा गोलांनी हरलात आणि परत येताना टेम्पोत गाणी म्हणत होतात. वाटेत थांबून सेवउसळ खाल्लीत आणि सगळे मिळून गोलकीपरला "चाळणी" म्हणत होतात. हे घरी येऊन म्हणाले, हरल्याचं काही नाही, पण हसत होते कुणाला ते बघ. मग सगळ्यांच्या जर्सी एका चादरीत बांधून घरी आणल्या. मला वाटलं, आता हे गाठोडं माझ्या गळ्यात. तर रविवारी सकाळी तुम्हा सगळ्यांना आमच्या इमारतीच्या अगाशीवर, टाकीशेजारच्या गच्चीत बोलावलं आणि बादल्या पुढे ठेवल्या.

त्या दिवशी तू कोरड्या जर्सीला साबण घासत होतास. मला हसू आवरेना. दोघांनी जर्सी पिळताना अशी ओढली की बाही उसवली. खाली विमलबेन ओरडत होत्या की टाकी रिकामी करताय, आणि पंधरा दिवसांनी त्याच तुमच्यासाठी खमण घेऊन वर येऊ लागल्या. सगळ्यांनी आपापली जर्सी आपल्या हाताने धुवायची, आईने नाही, बाईने नाही, एवढं तुम्हाला पटलं. पण गोलकीपरची जर्सी त्याच्यापुढे बचावाला उभ्या राहणाऱ्या बॅकवाल्यांनी धुवायची, या नियमावर किती वाद घातलात. गोल त्याने खाल्ले, जर्सी आम्ही का धुवायची? ह्यांनी बादली पुढे सरकवली. आणि जिंकलो तर गोल मारणाऱ्याने बाकावर बसून राहिलेल्यांच्या जर्सी धुवायच्या. तूच विचारलं होतंस की सर, मैदानात उतरलाच नाही त्याची जर्सी मळते कुठे? हे म्हणाले, "दीड तास तिथे बसून बघ, मग सांग."

धुता धुता तुम्ही बोलायचात. कोण कुठे उभा होता, कुणी हाक दिली नाही, कुणी बॉल सोडला. मी पायऱ्यांवर बसून डाळ निवडत ऐकायची. मला खेळातलं काही कळत नाही. पण पहिल्या वर्षी प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव घ्यायचा आणि तिसऱ्या वर्षी स्वतःचं घ्यायला लागला, एवढं मला कळलं. त्याच वर्षी तुम्ही जिंकलात. प्राचार्य ज्याला संस्कृती म्हणाले ती हीच, आणि तिची जागा त्यांनी कधी पाहिलेली नाही. जिना चढायचे कष्ट कधी घेतले नाहीत.

आता हार्दिकचं लिहिते. हे नाव वाचून तुझ्या कपाळावर आठी येईल, येऊ दे. तो ट्रस्टींचा पुतण्या हे त्याने निवडलेलं नाही. गेल्या वर्षी सेमीफायनलला दोन्ही गोल त्याचे होते. रविवारी घरी पूजा आहे, जर्सी घरी नेऊन धुतो, असं म्हणून तो बाकावरच्यांच्या जर्सी घेऊन गेला. फायनलच्या सकाळी त्या लाँड्रीच्या पिशवीतून आल्या. कडक इस्त्री, बाह्यांवर धार, कॉलरला कागदाची चिठ्ठी. ह्यांनी एक जर्सी उलगडून पाहिली, परत घडी घातली आणि हार्दिकला बाकावर बसवलं. त्याचे काका सोफा टाकून, पाहुणे बोलावून बसलेले. आपण एका गोलाने हरलो. सात दिवसांच्या आत ह्यांना गेट बंद झालं.

एका इस्त्रीपायी फायनल घालवली, असं रावपुऱ्यात दुकानादुकानांत बोलत होते. मला मंडईत थांबवून लोक विचारायचे. मी भाजी घेऊन पुढे निघायची. पण मला कुणी खरंच विचारलं असतं तर सांगितलं असतं की ह्यांनाही ती फायनल हवी होती. तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त हवी होती. आदल्या रात्री झोपले नव्हते.

यापुढचं तुला माहीत नाही, कारण ह्यांनी कुणाला सांगितलं नाही. फायनलनंतरच्या रविवारी हार्दिक आला. एकटा. त्या लाँड्रीतून आलेल्या जर्सी त्याने मागून घेतल्या आणि अगाशीवर बसून पुन्हा धुतल्या. त्याला पिळता येईना. मी शिकवलं. हे त्याच्याशेजारी पाटावर बसून होते. जाताना तो पाया पडला तेव्हा म्हणाले, "पुढच्या मोसमात पहिल्या मॅचला तू उतरणार." तो गेल्यावर मला म्हणाले की पोरगं चांगलं आहे, फक्त आजवर कुणी बादली पुढे ठेवली नव्हती. गेट त्यानंतर बंद झालं. हार्दिकने घरी काकांशी भांडण काढलं, आठवडाभर घरात जेवला नाही, हे मला त्याच्या आईने इथे येऊन सांगितलं. आणि तुम्ही सगळ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलंत. तू तर शोकसभेत तो समोर आला तेव्हा तोंड फिरवलंस. मी पाहिलं.

आता परवाच्या रविवारचं सांगते. तुम्ही कुणी येत नाही, तरी पाणी यायच्या वेळेला मी सवयीने अगाशीवर जाते. अगाशीच्या दारावर थाप पडली. धवल होता, तुमचा गोलकीपर. पाणीगेटहून सायकलने आला होता, हातात पिशवी. शनिवारी सरावाची मॅच होती, पाच गोलांनी हरले, म्हणाला. कोच नाही, कोणी कुठेही खेळतो. मी विचारलं, बॅकवाले कुठे आहेत? तो म्हणाला, "काकू, ते नाश्त्याला गेले. मला म्हणाले, तुझ्यामुळे हरलो, तुझी तू धू." आणि त्याने बादली ओढली आणि आपली जर्सी आपण धुवायला बसला. मी मदत करू का विचारलं, तर नको म्हणाला. समरजित, इतक्या वर्षांत गोलकीपरला त्या अगाशीवर स्वतःची जर्सी धुताना मी पहिल्यांदा पाहिलं. ह्यांना नेलं त्या दिवशीसुद्धा माझी अशी अवस्था झाली नव्हती.

त्याची जर्सी दोरीवर एकटीच वाळत होती. ती बघत बसले तेव्हा मला कळलं की शोकसभेपासून मला जो राग आलाय तो अर्धाच कॉलेजचा आहे. उरलेला तुझा आहे. कॉलेजचं पाणी पिणार नाही, हे बोलायला छान वाटलं असेल. तुझ्या मनात सरांबद्दल प्रेम होतं, तेही मी जाणते. पण रिफायनरीची शिफ्ट संपवून तू घरी जाऊन झोपतोस आणि हा पोरगा एकटा साबण घासतो. ट्रस्टींचं तुझ्यावाचून काय अडलं? त्यांना सभेसाठी फोटो मिळाला, चषकासाठी नाव मिळालं. वेळ पडली तर बाहेरचा कोणी सुटाबुटातला कोच आणतील आणि जर्सी लाँड्रीत टाकतील. ह्यांना गेटवरून परत पाठवलं तेव्हा हे कॉलेजवर रागावले नव्हते असं नाही. पण शिफ्टनंतर तू ह्यांच्याबरोबर मुलांचा सराव घ्यायचास, म्हणून दुसऱ्या दिवशी तुला फोन करून काय सांगितलं ते आठव. "मला नाही तर नाही, तू मुलांना सोडू नकोस." त्या वेळी तू हो म्हणालास, आणि आठवड्याच्या आत मुलांना सोडलंस, ह्यांची बाजू घेतो म्हणून. हे तुला कधीच रागावून बोलले नाहीत. ते मी बोलते आहे.

म्हणून हे पत्र. तू उद्या जाऊन प्राचार्यांना हो म्हण. त्यांना माफ करू नकोस, मीही केलेलं नाही. चषकाला ह्यांचं नाव द्यायला माझी संमती नाही असं मी सकाळीच लिहून दिलंय, आणि त्यांच्या कुठल्याही समारंभाला मी येणार नाही. भांडायचं ते मी भांडेन, मला आता दुसरं काम नाही. तुला ते काम करायची गरज नाही. जर्सींची पेटी आमच्याकडेच आहे. कॉलेजचा शिपाई न्यायला आला होता, मी दिली नाही. तू आलास तर तुझ्या हातात देईन. हार्दिकला मी निरोप धाडला आहे, तो येणार आहे. त्याला पहिल्या मॅचला उतरवायचं हा शब्द तुझ्या सरांचा आहे आणि पाळायचा तुला आहे. बॅकवाल्यांना तू घेऊन ये, मग कान धरून आणावं लागलं तरी चालेल. धवलची जर्सी मी दोरीवरून काढून परत चिखलात बुडवून ठेवली आहे. हसू नकोस. रविवारी पाणी सातला येतं. बादल्या मी भरून ठेवते, साबण तू आण.

तुझीच,
नयनाकाकू