‘एकटा वणवा’ कसा गाजला

३ मार्च, सकाळी ९
बँड सोडला. गायक म्हणाला, गिटारवाल्याने गाऊ नये. ड्रमर हसला. महिन्याभरात माझं एकट्याचं गाणं हिट होणार, मग दोघं दारात येतील. दार लगेच उघडायचं नाही.

६ मार्च
ताईच्या कपाटात डोकं घालून ‘एकटा वणवा’ रेकॉर्ड केलं. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. ताई म्हणाली, वणवा विझला की माझे इस्त्रीचे कपडे बाहेर दे.

७ मार्च, दुपारी ४
गाणं नेटवर चढवलं. नावातला ‘ण’ आठ वेळा तपासला. शुद्धलेखनात मी कुणाला हार जात नाही. दहावी राहिली ती गणितात.
संकल्प : हजार लोक ऐकेपर्यंत स्वतः ऐकायचं नाही. मोठे कलाकार स्वतःचं ऐकत बसत नाहीत. शिवाय धीर होत नाही.

१० मार्च
ऐकणारे ११. त्यात ताई नाही. म्हणते, आठवडाभर भिंतीपलीकडून ऐकलंच की.

१९ मार्च
४,२१३!! एकाने लिहिलंय, ‘थेट, स्वच्छ, फापटपसारा नाही.’ दुसरा रोज याच्याशिवाय गिटारला हात लावत नाही. हिट! संकल्प दहा हजारांवर नेला.
मुलाखतीत नम्र राहायचं. आरशासमोर पाऊण तास सराव केला. जमतंय.

२२ मार्च
ड्रमर भेटला. म्हणाला, ऐकलं बाबा, फार उपयोगी आहे. उपयोगी! जळतोय बिचारा.

२५ मार्च, सकाळी ११
दहा हजार. ताईला समोर बसवून लावलं.
सहा तारा वाजल्या. एकेक, सावकाश. मग माझा आवाज : थांब, दुसरी जरा चढली. पुन्हा सहा तारा. संपलं.
गाण्याआधी तारा जुळवल्या होत्या, चुकून त्याचीच फाइल चढवली. जगभरचे शिकाऊ त्यावरून आपापल्या गिटारी लावतात.
ताई म्हणाली, तुझं आजवरचं सगळ्यात सुरेल.

२६ मार्च
खरं गाणं चढवलं. ऐकणारे ३. एकजण विचारतो, हा मध्येच कोण ओरडतोय? तारा कुठे गेल्या?

२८ मार्च
गायक दारात! बेल वाजायच्या आत दार उघडलं गेलं. म्हणाला, शनिवारी सहाला कार्यक्रम आहे, अर्धा तास आधी येऊन सगळ्यांच्या गिटारी लावून दे. आणि वाजवायचं? त्याला नवा माणूस मिळालाय म्हणे.
मी कडक आवाजात सांगितलं, विचार करून कळवतो.

३१ मार्च, शनिवार, दुपारी ३:४०
हॉलवर पोचलो. दाराला कुलूप. पायरीवर नम्रपणे बसलो आहे. जमतंय.