आईच्या कबरीवरचा कप

अधीक्षकसाहेब,

काल तुमच्या वन्यजीवांसाठी राखीव बेटावर आईच्या कबरीला गेले होते. मरताना ती ज्या कपातून पाणी प्यायली, तो फोडून मी कबरीवर ठेवला होता. या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा गुल्ला लोकांत तशी रीत आहे. कप फोडला की घरातलं मरण तिथंच थांबतं.

कप गायब! तुमची पहारेकरीण हसत म्हणाली, "मावशी, कचरा उचलला. किती स्वच्छ दिसतंय ना?"

निदान कबरीवरचा एक शिंपला तरी घरी न्यावा म्हटलं, तर धक्क्यावर तिनं तोही पिशवीतून काढून घेतला. "बेटावरचं काही नेता येत नाही." अहो, तो मीच ठेवला होता!

हे पत्र मी टाकणार नाही. रविवारी त्याच कपाची बशी घेऊन येतेय. कळवून आले, तर तीही धक्क्यावरच काढून घ्याल.

तुमच्या बेटावर जन्मलेली,
ओझेला मंगिन