कासव पेठेतली दोन खाटांची खोली

३ जून, संध्याकाळ
निर्णय झाला. ऑगस्टमध्ये बाबांना सिएनाला न्यायचं. चार रात्री, साधं हॉटेल, दोन खाटांची एकच खोली. सोळा ऑगस्टची घोड्यांची शर्यत ते आपल्या गावात बघतील, आणि मी त्यांना सांगेन की एक सप्टेंबरपासून मी रॉटरडॅमला नोकरीला चालले आहे. परतीची तारीख नाही.
घरी सांगता येत नाही असं नाही. पण घरी टीव्ही असतो. आई गेल्यापासून आम्ही दोघं टीव्हीसमोर जेवतो, आणि टीव्हीच्या आवाजात महत्त्वाचं बोलणं नीट होत नाही. हॉटेलच्या खोलीत दोन खाटांमध्ये साधारण पाऊण मीटर अंतर असतं आणि माणसाला उठून जायला जागा नसते. परिस्थिती योग्य हवी, एवढाच मुद्दा. भीती हा शब्द इथे लागू नाही.

७ जून
हॉटेल ठरलं. बाबांचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदलला आहे, म्हणून पहिला निकष चढ, दुसरा लिफ्ट, तिसरा नाश्ता. मी पोटासाठी लिफ्ट तपासते. लिफ्ट नसलेल्या हॉटेलाला मी हॉटेल धरत नाही. शर्यतीच्या आठवड्यात गाव भरलेलं असतं, तरी एक खोली मिळाली. विहिरीचं हॉटेल, दोन तारे. गल्ली जवळजवळ सपाट. सिएनात सपाट गल्ली सापडणं म्हणजे लॉटरी.
रद्द केल्यास पैसे परत नाहीत अशी अट आहे. रद्द करण्याचं काही कारण दिसत नाही.

८ जून
बाबांना हॉटेलबद्दल सांगितलं. (रॉटरडॅमबद्दल नाही. क्रमाने.) त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. हे चार वर्षांत पहिल्यांदा. डोळे चमकले. मग विचारलं, कुठली गल्ली? मी सांगितलं. त्यांनी आवाज पुन्हा चालू केला.
ती गल्ली कासव पेठेत येते. बाबा गोगलगाय पेठेचे. सिएनात सतरा पेठा आहेत, प्रत्येकीचा झेंडा, प्रत्येकीचा घोडा, आणि त्यात गोगलगाय आणि कासव यांचं हाडवैर. घोड्यांच्या शर्यतीवरून. 
मी एवढंच म्हटलं की बाबा, तुम्ही चाळीस वर्षं इथे तुरिनमध्ये ट्राम चालवलीत. ते म्हणाले, "ट्राम चालवली. पेठ नाही बदलली. कासवांच्या छपराखाली झोपायचं तर मी इथे बाल्कनीत झोपतो."
वेळ जाऊ द्यावा. सुशिक्षित माणूस गल्लीवरून झोप ठरवत नाही.

१४ जून
हॉटेलला फोन केला. मालकीण इओलांदाबाई, आवाज मायाळू. खोली कुणासाठी विचारलं. मी आणि वडील, वडील मूळचे सिएनाचे. त्या खूश झाल्या. कुठल्या पेठेचे गं? मी खरं सांगितलं. फोन कट झाला की काय म्हणून मी बघितलं.
मग म्हणाल्या, "मुली, तू बाहेर वाढलीस ना? तरीच. खोली दिलीय तर दिलीय, मी शब्द फिरवत नाही. पण त्यांना सांग, गळ्यातला तो पेठेचा पिवळा-तांबडा रुमाल खिडकीत वाळत घालायचा नाही. माझ्या नवऱ्याला रक्तदाब आहे."
एकंदरीत सकारात्मक.

२९ जून
इतर हॉटेलं बघितली. एक मिळालं, सिएनापासून अर्ध्या तासावर, कोंबड्यांच्या शेडशेजारी. नाही.
जिन्यात शेजारच्या पाल्मिराबाई भेटल्या. रॉटरडॅमचं फक्त त्यांना माहीत आहे. कंपनीचं पाकीट चुकून त्यांच्या पेटीत पडलं होतं. विचारलं, "सांगितलंस?" म्हटलं, ऑगस्टमध्ये. म्हणाल्या, "दोघंही सारखेच. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले." दोघंही का म्हणाल्या ते कळलं नाही. वय झालंय त्यांचं.

६ जुलै
तोडगा निघाला, आणि तोही बाबांकडून. दोन तारखेला टीव्हीवर वर्षातली पहिली, जुलैची शर्यत बघितल्यापासून ते मऊ आहेत. आज जेवताना म्हणाले, "डबा नेलास तर येतो."
कुठला डबा? तर मी जन्मले तेव्हा, इथल्या दवाखान्यात, बाबांनी आईच्या खाटेखाली सिएनातल्या त्यांच्या गल्लीतली डबाभर माती ठेवली होती. म्हणजे मूल तुरिनमध्ये जन्मलं तरी गोगलगाईंच्या जमिनीवर जन्मलं. बाहेरगावी राहणारी त्यांची सगळी माणसं असं करतात म्हणे. नर्सने विचारलं तर बाबांनी सांगितलं होतं, नवसाची आहे. आता तोच डबा हॉटेलातल्या खाटेखाली ठेवायचा. "खाली आपली जमीन असली की झालं. वर कासवांचं छप्पर असेना का."
मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. चार वाक्यांत सांगून ते परत टीव्हीकडे वळले. मी भांडी घासायला उठले आणि दोनदा घासली.
डबा स्वयंपाकघरातल्या माळ्यावर आहे. निळा, बिस्किटांचा.

७ जुलै
निळा बिस्किटांचा डबा. सापडला. त्यात स्क्रू आहेत.
एप्रिलमध्ये माळा आवरताना मला एका डब्यात कोरडी माती मिळाली होती. लेबल नव्हतं. ती बाल्कनीतल्या बेझिलच्या कुंडीत ओतली आणि डबा वापरात आणला. त्या वेळी उपलब्ध माहितीनुसार तो निर्णय बरोबर होता.
बाबांना आज सांगितलं नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगायची राहिलेली असावी.

८ जुलै
बाबा औषधं आणायला गेले तेव्हा कुंडी उपसली. नर्सरीची माती आणि गल्लीची माती आता एकजीव आहेत. मूळ मातीचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास असावं. तीस टक्के म्हणजे शून्य नव्हे. पिठाच्या चाळणीने चाळली, मुळं वेचली, उन्हात वाळवली, डबा भरला. खताचे पांढरे दाणे काही निघाले नाहीत.
संध्याकाळी बाबांनी विचारलं, बेझिल कुठे गेलं? म्हटलं, उन्हाने गेलं. ते म्हणाले, बेझिल उन्हाने जात नाही. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

२० जुलै
वाक्य तयार आहे. "बाबा, मला रॉटरडॅमला चांगली नोकरी मिळाली आहे." कामावर रिकाम्या लिफ्टमध्ये सराव केला, चौथा मजला ते तळमजला. आवाज शेवटच्या शब्दाला घसरतो. तिसऱ्या खेपेला दार उघडलं आणि एक गृहस्थ म्हणाले, अभिनंदन.
म्हणजे वाक्य समजतं.

१ ऑगस्ट
एक महिना उरला. रॉटरडॅमहून विचारणा आली, घरच्या सगळ्या गोष्टी मार्गी लागल्या का. लिहिलं, हो.
बाबा हल्ली दुपारी बाल्कनीत उभं राहून सिएनाला एजिस्तोकाकांशी फोनवर बोलतात. एजिस्तोकाका त्यांचे चुलतभाऊ. मी गेले की "बरं, ठेवतो" म्हणतात. गुडघ्याबद्दल असणार. मला काळजी वाटू नये म्हणून लपवत असतील. किती साधी माणसं असतात.
काल जेवताना जाहिराती लागल्या तेव्हा मी तोंड उघडलं होतं. जाहिराती फार लहान होत्या.

१३ ऑगस्ट, सकाळ, गाडीत
बाबांनी चार रात्रींसाठी मोठी ट्रंक घेतली आहे. उचलून बघितली, हिवाळ्याचा कोट नक्की आहे. आईचा फ्रेममधला फोटोही. ऑगस्टमध्ये कोट. म्हातारपणी माणसं थंडीला घाबरतात. डबा माझ्या मांडीवर.
योजना: दुसऱ्या संध्याकाळी, जेवणानंतर, खिडकी बंद करून.

१३ ऑगस्ट, संध्याकाळ
पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, दोन खाटांमधलं अंतर सत्तर सेंटिमीटर. अपेक्षेपेक्षा चांगलं.
लिफ्ट मात्र थोडी खडखडली. बाबांना घेऊन वर आले, मग सवयीने एकटी खाली जाऊन बघितली. दुसऱ्या मजल्याचं दार पूर्ण न लागताही लिफ्ट चालते. हे चालवून घेता येत नाही. इओलांदाबाईंना सांगितलं, दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवा. त्या म्हणाल्या, बारा वर्षं अशीच चालतेय, कुणी मेलं नाही. मी माझं तपासनीसाचं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी स्विच बंद केला आणि म्हणाल्या, "गोगलगाईंनी आमची लिफ्टसुद्धा बंद पाडली, हे मी नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगू?"
दुरुस्ती करणारा शर्यतीनंतर येणार. तो कासव पेठेचा आहे आणि सध्या फक्त घोड्याच्या तबेल्याशी असतो.
बाबा संध्याकाळी आपल्या गल्लीत जायला निघाले आणि त्यांना कळलं. "कुणी बंद केली?" मी तांत्रिक कारण सांगितलं. ते म्हणाले, "तू. माझा गुडघा बघून हॉटेल घेतलंस आणि लिफ्ट तूच बंद केलीस."
सुरक्षिततेत नातं बघता येत नाही, असं मी म्हणाले. ते वाक्य तेव्हा बरोबर वाटलं होतं.

१४ ऑगस्ट, सकाळ
नोंद करणं आवश्यक आहे.
काल रात्रीच्या जेवणानंतर बाबांनी डबा खाटेखाली सरकवण्याआधी उघडला. चिमूटभर माती घेतली. वास घेतला. पुन्हा घेतला. एक पांढरा दाणा तळहातावर घेऊन दिव्याखाली धरला.
म्हणाले, "ताविया, आमच्या गल्लीत बेझिल कधी उगवत नव्हतं."
मी तीस टक्क्यांचं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसलेही नाहीत. डब्याचं झाकण लावलं, नीट, चारी बाजूंनी दाबून, आणि ट्रंक तिथेच ठेवून काठी घेऊन एजिस्तोकाकांकडे गेले. तीन मजले पायी उतरून. एजिस्तोकाकांचं घर गावातल्या सगळ्यात उभ्या चढावर आहे आणि तिथे लिफ्ट नाही. गुडघ्याने तक्रार केली नाही, असं कळतं.
त्यांची खाट रात्रभर तशीच. उशी सरळ करून ठेवली.
योजना रद्द झालेली नाही. अंतर तेवढं सत्तर सेंटिमीटरवरून चारेकशे मीटरवर गेलं आहे.

१५ ऑगस्ट, दुपार
बाबांचा फोन आला. आज रात्री त्यांच्या पेठेची गल्लीभर पंगत आहे, मी यावं. अट एकच: कासवांच्या गल्ल्यांतून यायचं नाही, मोठ्या चौकातून वळसा घालून यायचं, आणि कुणी विचारलं कुठे उतरलीस तर ओळखीच्यांकडे म्हणायचं.
आवाज नेहमीचा. म्हणजे मातीचा विषय मिटला. आज सांगते. गर्दीत सांगणं खरं तर सोपं, माणूस गर्दीत रडत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं.

१६ ऑगस्ट, सकाळ
क्रमाने लिहिते.
वळसा घालून गेले. गल्लीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेबलं, हजारभर माणसं, सगळी गाणारी. एजिस्तोकाकांनी मला जागा दिली आणि विचारलं, कुठे उतरलीस गं? बाबा मधेच म्हणाले, "ओळखीच्यांकडे. तुझं ताट बघ." मग गळ्यातला रुमाल काढून त्यांनी माझ्या गळ्यात बांधला. गाठ घट्ट बसली. मला वाटलं, आता. टीव्ही नाही.
म्हटलं, "बाबा, मला तुम्हाला—"
ते म्हणाले, "थांब. आधी मी. दोन महिने घशात अडकलंय."
मग पास्ता चावत, ताटाकडे बघत बोलले. "मी आता परत येत नाही. एजिस्तोची वरची खोली रिकामी आहे. घरी सांगणार होतो, पण त्या टीव्हीच्या आवाजात काय सांगणार? म्हटलं हॉटेलात सांगू, दोघंच असू. तर तू लिफ्ट बंद केलीस, आणि मग ती माती. मला तिथे बसवेना."
कोट आठवला. फोटो आठवला. बाल्कनीतला फोन. पाल्मिराबाईंची गुळणी. सगळं समोर होतं आणि मी ट्रंकेचं वजन अंदाजत बसले होते.
बाबांनी माझा हात धरला. त्यांचा हात तेलकट होता. "तू एकटी पडशील, हेच डोक्यात. तू काही मला सोडून जाणाऱ्यातली नाहीस, म्हणून तर सांगणं जड गेलं. दुसरी एखादी पोर असती तर मी कधीच बोललो असतो."
परिस्थिती याहून योग्य मिळाली नसती. मी म्हणाले, "मी राहीन, बाबा. काळजी करू नका."
ते म्हणाले, "मघाशी तू काय सांगत होतीस?"
म्हटलं, लिफ्टचं. दुरुस्ती शर्यतीनंतर होणार आहे.
एजिस्तोकाकांनी विचारलं, कुठली लिफ्ट? बाबांना हॉटेलचं सांगावंच लागलं, आणि काका खूप हसले. कासवांची लिफ्ट बंद पाडली म्हणून त्यांनी माझ्या नावाने पेला उंचावला, आणि आख्ख्या टेबलाने उंचावला. बाबांनी सगळ्यांना सांगितलं, माझी मुलगी आहे.
निघताना बाबांनी डबा मागितला. तो मी पिशवीत आणला होता, का ते आठवत नाही. त्यांनी बेझिलची माती दारातल्या कुंडीत ओतली, काठी टेकत खाली बसले आणि भिंतीच्या कडेची माती चमच्याने खरवडून डबा भरला. अर्धा तास लागला. "तुरिनला तुझ्या खाटेखाली ठेव. दर रविवारी फोन करेन. घरच्या फोनवर, मोबाइल तू उचलत नाहीस."
घरचा फोन रॉटरडॅमला वळवून घेता येतो का, ते आज उठल्याबरोबर बघितलं. येतो. म्हणजे तसा प्रश्न उरत नाही. सांगायचंच आहे, फक्त योग्य वेळ बघून. बहुधा नाताळच्या सुट्टीत.
डब्याला लेबल लावलं: माती, टाकू नये.
रुमालाची गाठ रात्री सुटली नाही, तशीच झोपले. सकाळी जिन्यावरून उतरताना लक्षात आलं, पण इओलांदाबाईंनी बघितलंच होतं. टेबलावर दोन कप मांडलेले होते.
त्यांनी विचारलं, एक उचलू का?
मी म्हटलं, राहू द्या.